दवनीवाड्यात ऐकलेली बेंगळुरूची इंग्रजी

"मॅडम, तुम्ही आवाजाच्या डॉक्टर ना? आमच्या दीदीचा आवाज आहे, पण भाषा गेली. तुम्ही या."

फोनवर दुर्गेश होता, हेमाचा धाकटा भाऊ. मी म्हटलं, "अरे बाबा, मी डॉक्टर नाही. मी कॉल सेंटरमध्ये उच्चार शिकवते." तो म्हणाला, "हौ, मालूम आहे. कधी येता?" मी पुन्हा समजावलं. त्याने पुन्हा शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं. या माणसाला कुठेही विमा विकता येईल.

हेमा गोंदिया जिल्ह्यातल्या दवनीवाड्याची. आधी बेंगळुरू, मग हैदराबाद आणि शेवटची काही वर्षं पुण्यात आमच्या फ्लोअरवर. माझं काम थोडक्यात असं, की अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला फोनवरची मुलगी कुठली आहे याचा पत्ता लागू नये. हेमा माझी सगळ्यात हुशार आणि सगळ्यात हट्टी विद्यार्थिनी. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. दिवाळीला ती घरी गेली आणि तिथेच लकव्याचा झटका आला. वय पस्तिशीच्या आतलं. उजवा हात लुळा पडला, बोलणं पूर्ण बंद. काही आठवड्यांनी शब्द परत यायला लागले, पण आले ते फक्त इंग्रजी. मराठी नाही, हिंदी नाही, घरात बोलतात ती पोवारी तर एक अक्षर नाही.

घरच्यांनी काय केलं असेल? हेमा सुट्टीत घरी सांगायची, "आमच्या मॅडम मुक्या माणसालाही बोलतं करतील." माझं कौतुक करायची बिचारी. घरच्यांनी ते औषधाच्या चिठ्ठीसारखं जपून ठेवलं होतं.

नवरा म्हणाला, "जाऊन करणार काय तू तिथे?" तरी तिकीट काढलं. ती पोरगी मला आवडायची, बस्स.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगते. पुण्याहून गोंदियाला थेट गाडी आहे, पण जवळजवळ अख्खा दिवस तिच्यात जातो. थंडीत जाणार असाल तर वरचा बर्थ घेऊ नका आणि पांघरूण जाडच न्या. नागपूरपर्यंत डब्यात मराठी असते. त्यानंतर हळूहळू हिंदी भरायला लागते आणि भंडारा गेल्यावर तर विचारूच नका. माझ्यासमोर दुर्गला निघालेली एक बाई छत्तीसगढीत नातवाला दटावत होती, शेजारचे काका हिंदीत पेपर वाचून दाखवत होते आणि खिडकीतली कॉलेजची मुलगी फोनवर सांगत होती, "हौ ना यार, आय टोल्ड हिम ओन्ली, बट ही इज नॉट मानिंग."

माझे कान धंद्याने बिघडलेले आहेत. कुणी इंग्रजीचं एक वाक्य बोललं की मी मनात त्याचं गाव शोधायला लागते. लोकांना वाटतं इंग्रजी शाळेत घडते. छे! ती घडते भाड्याच्या खोलीत. बेंगळुरूला हेमाच्या खोलीत सहा मुली होत्या. केरळची एक नर्स, नागालँडची एक, एक तमिळ, एक ओडिया, एक बिहारची आणि ही. कुणाचं कुणाला कळेना. मग बादली कुणाची, गॅस कुणी संपवला, रात्री दिवा कुणी चालू ठेवला, ही सगळी भांडणं इंग्रजीत. रडणंही इंग्रजीतच. त्या इंग्रजीला कुणी मास्तर नव्हता. नागा मुलीकडून हेमाने वाक्याच्या शेवटी सूर वर नेणं उचललं, नर्सकडून वेग, तमिळ मुलीकडून तो लांबवलेला 'आ'. हैदराबादने त्यावर आपला एक थर चढवला. मोठ्या शहरांमध्ये अशीच प्रत्येकाची इंग्रजी तयार होते, आणि मग माझ्यासारख्यांना पगार देऊन ती घासून काढायला बसवतात. हेमाची काही निघाली नाही.

गोंदियाला उतरले. जंक्शन मोठं आहे, गर्दीही तशीच. दुर्गेश त्याचा छोटा टेम्पो घेऊन आला होता. धानाची खरेदी-विक्री करतो तो. "आधी नाश्ता, मंग घर," म्हणाला. स्टेशनबाहेर तर्री पोहे खाल्ले. पुणेकरांनो, तर्री वेगळी मागा, पोह्यावर थेट ओतू देऊ नका, नाहीतर डोळ्यांतून पाणी काढाल. समोरच्या मोबाईलच्या दुकानात मालक एकाशी हिंदीत, दुसऱ्याशी मराठीत आणि फोनवर कंपनीच्या माणसाशी इंग्रजीत बोलत होता. "सर, पार्सल इज नॉट आएला." जिथे इतक्या भाषा एका काउंटरवर येतात तिथे इंग्रजी वेगळी कशी राहील?

दवनीवाड्याचा रस्ता अर्धा बरा, अर्धा राइस मिलच्या ट्रकांनी उखडलेला. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, त्यांत लाखोरीच्या डाळीची हिरवी पोपटी वेल पसरलेली. बघायला छान. पण दुर्गेश गाडी चालवताना जे सांगत होता त्याने बाहेर बघावंसं वाटेना.

"माय कोनाशी बोलून नाही राहिली, मॅडम. दीदीचं सगळं करते, आंघोळ, जेवन, केस. पन बोलत नाही. थिले वाटते का दीदी मुद्दाम करून राहिली."

"मुद्दाम कसं करेल रे कुणी?"

"मले समजते. मायले कोन समजवन?"

अंगणात खाटेवर हेमा बसली होती. अर्धी राहिली होती हो. केसांना तेल लावून घट्ट वेणी घातलेली, शाळेतल्या मुलीसारखी, कारण घालणारी आई. मला बघितलं आणि तिचा चेहरा असा उजळला की माझाच बांध फुटला.

"मॅम! सिंपली लाइक दॅट यू केम, आ?"

तोच लांबवलेला 'आ'. मी तिला मिठी मारली. तेवढ्यात आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. उंच, सडसडीत बाई, पदर डोक्यावर. तिने आधी हेमाला पाणी दिलं. हेमा तिच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "थँक यू, मॅम."

आईने माझ्याकडे पाहिलं. "पाहा. मले मॅम मनते."

मी काहीतरी बोलायला गेले. तिने मध्येच थांबवलं. "तुमीच शिकवली ना थिले हे भाषा? मंग आता तुमीच उतरवा."

ताप उतरवा किंवा नजर उतरवा म्हणावं तसं. मी तिला काकूच म्हणायचं ठरवलं. म्हटलं, "काकू, हे मी नाही शिकवलं. हे ती घेऊन आली होती. आणि हे दुखणं डोक्यातलं आहे, जिभेतलं नाही. ती मुद्दाम करत नाही."

"मंग आमची भाषा कुठी गेली? चाळीस घरच्या बाया आल्या, कोनाले एक शब्द नाही बोलली. अन तुमी आल्या तं पटपट बोलली."

नागपूरच्या डॉक्टरांनी दुर्गेशला सांगितलं होतं की अनेक भाषा येणाऱ्या माणसाची कुठली भाषा आधी परत येईल याचा नेम नसतो, कधीकधी सगळ्या येतात, कधी एकच येते. तिथल्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी चित्रांची कार्डं दिली होती. दर आठवड्याला नागपूर जमलं नाही, कार्डं कपाटावर पडून राहिली. मी ती काढली. डॉक्टर नसले तरी तोंडासमोर तोंड धरून बसता येतं मला, तेच आयुष्यभर केलंय.

गाईचं चित्र. काकू बाजूला उभ्या. मी म्हटलं, "हेमा, घरी काय म्हणता हिला?" ती चित्राकडे बघत राहिली. ओठ हलले. कपाळावर घाम आला, थंडीत. "ग..." म्हणाली. काकू पुढे सरकल्या. "ग... ग..." आणि मग एकदम, "काऊ!" आणि तिने डाव्या हाताने खाटेवर अशी थाप मारली की कार्डं उडाली.

"एव्हरीथिंग इज इनसाइड, मॅम," ती मला म्हणाली. "डोअर ओन्ली नॉट ओपनिंग."

"काय मनली?" काकूंनी विचारलं.

"म्हणाली, सगळं आत आहे, दारच उघडत नाही."

काकू चुलीकडे गेल्या. जेवायला भात, पोपटाची भाजी आणि लाखोरीची डाळ. घाबरू नका, इकडे वालाच्या शेंगांना पोपट म्हणतात. भाजी अप्रतिम होती, आणि कुणाच्याच घशाखाली उतरत नव्हती.

दुसऱ्या दिवशी काकूंनी ठरवलं की हेमाला बोदलकशाला न्यायचं. तलावाजवळ त्यांचं माहेर. हेमा लहानपणी सुट्ट्या तिथेच घालवायची. "पानी पाहून थिले आठवन," म्हणाल्या. तिरोड्यावरून रस्ता जातो, शेवटचा टप्पा जंगलाचा. स्वतःची गाडी असेल तरच सुखाचं, बसच्या भरवशावर राहू नका. तलाव प्रचंड आहे आणि शांत. थंडीत पाहुणे पक्षी येतात, कोळी सकाळीच जाळी काढून काठावर मासे विकायला बसतात. ताजे झिंगे मिळाले तर जरूर घ्या. एरवी मी इथे चार पानं लिहिली असती.

काकू हेमाला धरून काठाकाठाने चालत होत्या आणि बोलत होत्या. पहिल्यांदाच इतकं बोलताना ऐकलं त्यांना. पोवारीत, भरभर. या झाडावरून तू पडली होतीस, इथे तुझी चप्पल वाहून गेली, हा तुझ्या मामाचा डोंगा. मला निम्मं कळत होतं. हेमाला सगळं कळत होतं. ती हसत होती, मान हलवत होती, झाडाला हात लावून बघत होती. दर थोड्या वेळाने काकू थांबायच्या आणि तिच्या तोंडाकडे बघायच्या. हेमा तोंड उघडायची, मिटायची.

शेवटी त्या दगडावर बसल्या आणि रडायला लागल्या. "का भयेव, मोरी बाई?" एवढंच. काय झालं, माझ्या बाई. पुन्हा पुन्हा तेच.

हेमा त्यांच्या शेजारी बसली. चांगल्या हाताने पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आय कम्प्लीटली अंडरस्टँड युअर फ्रस्ट्रेशन, मॅम."

देवा! चिडलेल्या गिऱ्हाइकाला शांत करायचं आमचं ठरलेलं वाक्य. आमच्याकडे प्रत्येक मुलगी ते दिवसातून कितीदा तरी म्हणते. इतक्यांदा म्हटलेलं वाक्य डोक्यातून पुसलं जात नाही, बाकी सगळं गेलं तरी ते जिभेवर येतं. फ्लोअरवर ते ऐकून मी कधी मान वर केली नव्हती. इथे हलकेच, आईच्या कानाशी म्हटलेलं, शेवटी नागालँडचा सूर वर गेलेला. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

"काय मनली?"

"म्हणाली, तुझा त्रास मला कळतो."

काकूंनी डोळे पुसले. "मंग असं काऊन नाही मनत?"

तिसऱ्या दिवशी दुर्गेशने नागझिऱ्याचा घाट घातला. इतक्या लांबून आलात, जंगल न बघता जायचं नाही. मला मुळीच उत्साह नव्हता, पण हेमाने मान डोलावली, म्हणून गेलो. चोरखमारा गेट जवळ पडतं. जिप्सी आणि गाईड आधीच ऑनलाइन ठरवून ठेवा, ओळखपत्र विसरू नका, आठवड्यातून एकदा जंगल बंद असतं तेही बघून घ्या. सकाळी कडाक्याचं गारठतं. हेमाला पुढच्या सीटवर उशा लावून बसवलं. गवे दिसले, सांबर दिसलं, वाघाचे फक्त पायाचे ठसे. गाईड झाडं दाखवत होता आणि काकू त्याच्या आधीच नावं सांगत होत्या, हेमाकडे बघून.

फेरी संपवून गेटपाशी चहाला थांबलो. शेजारच्या जिप्सीतून एक बाई उतरली, डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण. हेमाने सहज "गुड मॉर्निंग, एनी टायगर?" असं विचारलं. बाई जागच्या जागी थांबली.

"वेट, आर यू फ्रॉम बँगलोर?"

"लिव्हड देअर, या. लाँग बॅक."

"आय न्यू इट! यू साउंड लाइक माय पीजी डेज!"

झालं. दोघींच्या गप्पा सुरू. कुठल्या भागात राहायचीस, तिथला डोसा, ते ट्रॅफिक. हेमा अडखळत होती, मध्येच शब्द हरवत होते, पण ती बाई समजून घेऊन पुरवत होती. हसत होत्या दोघी. तीन दिवसांत हेमा इतकं बोलली नव्हती. एका अनोळखी बाईला तिच्या बोलण्यातून तिची जुनी खोली ऐकू आली होती, आणि मी, या धंद्यातली, मला मनापासून आनंद झाला. मग काकूंकडे लक्ष गेलं. त्या चार पावलांवर हेमाची शाल आणि पाण्याची बाटली धरून उभ्या होत्या. हसणाऱ्या मुलीकडे बघत होत्या.

टोपीवाल्या बाईचंही लक्ष गेलं. चांगली होती हो बाई, वाईट हेतू नव्हता. तिने गोड हिंदीत विचारलं, "आप दीदी के यहाँ काम करती हैं? बहुत अच्छे से खयाल रखती हैं आप."

हिंदी काकूंना उत्तम येते. गोंदियाचा बाजार त्यांनी आयुष्यभर हिंदीतच केलाय. त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हाँ जी. इनके साथ ही रहती हूँ."

"नो, नो!" हेमा ओरडली. "शी इज... शी इज माय..." मान ताठ झाली, डोळे मोठे झाले. शब्द येईना. इंग्रजीतलाही येईना. "शी इज माय... सुपरवायझर!"

बाई खळखळून हसली, तिला वाटलं विनोद आहे. दुर्गेशने तोंड फिरवलं. मी जाऊन सांगितलं, की त्या तिच्या आई आहेत. बाईचा चेहरा पडला, माफी मागितली, काकूंचे हात धरले. काकू "कोई बात नहीं" म्हणाल्या आणि हेमाच्या अंगावर शाल घातली. परतीच्या रस्त्यावर हेमा खिडकीतून बाहेर बघत स्वतःशीच ओठ हलवत होती. मला कळत होतं ती कोणता शब्द शोधतेय.

निघायच्या दिवशी काकूंनी मला घरचा तांदूळ आणि लाखोरीची डाळ बांधून दिली. नको म्हणायची सोय नव्हती. मग सरळ तोंडावर म्हणाल्या, "तुमी आल्या, बरं वाटलं. पन तुमच्यानं काही झालं नाही."

"नाही झालं, काकू."

"नागपूरले नेऊ का मंग आनखी?"

"न्या. जमेल तेव्हा न्या. सोडू नका."

इकडची माणसं अशीच बोलतात. पुण्यात हेच सांगायला आम्ही अर्धा तास घेतला असता.

आता मी घरी आहे. तांदूळ संपत आलाय. ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलंय, बोलणाऱ्याचा उच्चार तिथल्या तिथे बदलून गिऱ्हाइकाला ऐकवतं. माझी गरज फार दिवस राहणार नाही. परवा त्याची चाचणी होती. एका नव्या मुलीचा आवाज त्यातून जाऊन बाहेर आला, स्वच्छ, कुठलाच नसलेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बाहेर जाऊन चहा प्यायले.

लोक विचारतात, गोंदियाची ट्रिप कशी झाली, जाऊ का? जा की. बोदलकशाला जा, नागझिऱ्याला जा, पोपटाची भाजी खा. मला मात्र आता कुणी इंग्रजी बोललं की गाव शोधायची पूर्वीसारखी मजा वाटत नाही. त्या बोलण्यात कोणकोण राहून गेलंय हे कळतं, आणि कोण राहिलेलं नाही हेही.

मागच्या महिन्यात एका दुपारी दुर्गेशच्या नंबरवरून फोन आला. काकू होत्या.

"मॅडम, थिले इकडे येता नाही येत. मंग मीच जातो तिकडे. मले शिकवा."

साठी उलटलेली बाई. मी हसले नाही. तेव्हापासून जमेल त्या दुपारी फोनवर शिकवणी चालते. ये, बस, जेव, दुखतं का. उच्चार मी सुधारत नाही. "ईट ना ओ," असं त्या हेमाला म्हणतात आणि हेमा जेवते. दवनीवाड्याच्या अंगणात आणखी एक इंग्रजी तयार होतेय. बरं चाललंय असं मला वाटायला लागलं होतं. हेमात तसा फरक नाही, मराठीचा अजून एकही शब्द आलेला नाही. डॉक्टर आता पूर्वीइतकं आशेने बोलत नाहीत.

काल काकूंनी विचारलं, "मी तुही माय होय, हे कसं मनाचं?"

मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं, स्वतः घोकलं. मग मला म्हणाल्या, फोन ठेवू नका, आणि फोन स्पीकरवर करून हेमाच्या खाटेपाशी गेल्या. मला खाटेची करकर ऐकू आली.

"हेमा. आय ॲम युअर मदर."

मग हेमाचा आवाज आला, स्पष्ट, एकाही शब्दावर न अडखळता, फ्लोअरवर गिऱ्हाइकाची ओळख पटवून घेतल्यावर आमच्या मुली म्हणतात तसाच, पण रडत रडत.

"थँक यू फॉर कन्फर्मिंग दॅट, मॅम."

"काय मनली?" काकूंनी फोन तोंडाशी नेऊन विचारलं. "मॅडम, काय मनली थे?"

"हो म्हणाली, काकू," मी सांगितलं. "हो म्हणाली."

पलीकडे काकू तेच वाक्य तिला पुन्हा म्हणून दाखवायला लागल्या, आधीपेक्षा मोठ्याने, आणि मी फोन कानाला धरून बसून राहिले.